रिटायर होऊन लेखक व्हायचंय? आधी 'सदर' आणि 'सबब' सोडा

माझ्या पहिल्या कथेचं पहिलं वाक्य होतं, "सदर इसम हा मौजे अमुक येथील रहिवासी असून त्याचे नावे दोन हेक्टर जिरायत क्षेत्र आहे." खरंच सांगतो, असंच लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर मला ते आवडलंही होतं. मुलीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "पप्पा, ही गोष्ट आहे का फेरफार?"

तेहतीस वर्षं महसुलात अशाच जमिनीच्या नोंदी लिहिण्यात काढली, आधी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण गावात कोणी म्हणत नाही, आम्ही आपले आप्पा) आणि शेवटची काही वर्षं सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सुरुवात आणि अमळनेर-पारोळ्याकडे शेवट. रिटायर होऊन चार वर्षं झाली, एक पुस्तक निघालं, दुसऱ्याचं चालू आहे. मी काय मोठा लेखक नाही, पण आजूबाजूला बघतो तर मास्तर, रेल्वेवाले, बँकवाले, एसटीवाले बरेच जण म्हणतात की आता मोकळा झालो, आता लिहिणार, आणि वर्षभरानं भेटले की विषय बदलतात. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, जिथं मी आपटलो तिथं जरा जास्त.

नोकरीत असतानाच, शेवटच्या वर्षी

पहिलं काम लेखनाचं नाहीच. सेवापुस्तकाची पडताळणी, नॉमिनेशन, पेन्शन केस महालेखापालांकडे वेळेत गेली का, रजा रोखीकरणाचं बिल, हे सगळं मार्गी लावा. पेन्शन अडकली की माणूस रोज सकाळी वही उघडत नाही, रोज सकाळी ऑफिसला फोन लावतो. माझ्याच एका मित्राचं सेवापुस्तकातल्या एका जुन्या वेतननिश्चितीवरून आठ महिने अडकलं होतं, त्या आठ महिन्यांत त्याने लिहिलं ते फक्त अर्ज.

आणि पैशाचं आत्ताच ठरवून टाका. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाचे, म्हणजे पेन्शनचा भाग विकून मिळणारे, पैसे एकदम हातात येतात, पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत विकता येतं आणि विकलेला भाग परत चालू व्हायला १५ वर्षं लागतात, त्या पैशाला हात लावून पुस्तक छापायचं नाही. घरात हे आधीच बोलून ठेवा. माझ्या बायकोने सरळ सांगितलं होतं, लिहा काय लिहायचं ते, पण एफडी मोडायची नाही. तिचं ऐकलं, पूर्ण नाही, पण बरंचसं ऐकलं.

दुसरं काम जुन्या डायऱ्या. ऑफिसची फाईल, रजिस्टर, कुठलाही कागद घरी आणायचा नाही, ते आपलं नाही. पण आपल्या स्वतःच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या असतात ना, ज्यात कोणाला कधी भेटलो, कुठल्या गावात मुक्काम पडला, कोणाकडे जेवलो हे खरडलेलं असतं, त्या फेकू नका. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, ते कपाटात जातं. त्या डायऱ्याच पुढे कामी येतात.

पहिले सहा महिने

कोणाला सांगू नका की तुम्ही लिहिताय. एकदा सांगितलं की लग्नात, दहाव्याला, भाजीबाजारात, जिथं भेटतील तिथं विचारतात, "काय आप्पा, कुठपर्यंत आलं पुस्तक?" आणि दोन-तीनदा विचारलं की आपण लिहिण्याऐवजी उत्तरं तयार करायला लागतो.

या काळात दिवस अंगावर येतात हे खरंय. तेहतीस वर्षं सकाळी दारात माणसं उभी असायची, कोणाला सातबारा पाहिजे, कोणाला दाखला, आणि एक तारखेपासून एकदम कोणीच नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा उगाच गेटपर्यंत जाऊन आलो. त्यात दिवसभर घरात वावरणारा नवरा ही बायकोच्या दृष्टीने नवीनच आपत्ती असते. तेव्हा घरात एक जागा ठरवा आणि ती जागा स्वयंपाकघरातून दिसणारी नको. माझी जिन्याखाली आहे, जुना टेबल, एक बल्ब, भिंतीवर कॅलेंडर.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे निवड फार नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, दुपारी कूलरच्या आवाजात डोकंच चालत नाही, आणि लाईट गेली तर तोही नाही. मी पहाटे पाच ते साडेसात बसतो, बाराही महिने. अडीच तासात कधी पाचशे शब्द होतात, कधी दोन ओळी, पण उठायचं नाही. नोकरीत मस्टरवर सही करायचो तशी मी कॅलेंडरवर रोज टिक करतो. हसू नका, ज्याला आयुष्यभर मस्टरची सवय आहे त्याला मस्टरच लागतं.

काय लिहायचं ते शोधायचं कसं

बहुतेक जण थेट आत्मचरित्राला हात घालतात, "माझा जन्म अमुक साली एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला" पासून. चाळीस पानं होतात, आपण नोकरीला लागतो, आणि वही बंद. मीही केलंय.

त्यापेक्षा एक स्वस्तातली दोनशे पानी वही घ्या आणि रोज फक्त आठवणींच्या एकेका ओळी लिहा. पूर्ण गोष्ट नाही, ओळ. "अनेरच्या पुरात बैलगाडीत बसून गेलो." "म्हातारीने हयात असलेल्या मुलाला वारस लावायला नकार दिला." "मोजणीच्या दिवशी दोन भाऊ बांधावर एकाच डब्यातून जेवले आणि मग भांडले." महिन्याभरात शंभर-सव्वाशे ओळी सहज होतात. मग त्यातल्या ज्या ओळी वाचून अजूनही पोटात काहीतरी होतं त्यांच्यावर खूण करा, माझ्या अकरा निघाल्या. त्या अकरांतून पुस्तक झालं, बाकीच्या शंभर तशाच आहेत आणि त्या तशाच बऱ्या.

प्रत्येक धंद्याचं हे वेगळं निघणार. भुसावळच्या रेल्वेवाल्याकडे रात्रपाळ्या आहेत, मास्तरकडे तीस-पस्तीस वर्षं शिकवलेली पोरं आहेत, नर्सबाईंकडे तर इतकं आहे की त्यांनी निवड नीट केली पाहिजे. आपल्याला वाटतं आपल्या कामात काय विशेष, पण केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) यातला फरक पुण्यातल्या वाचकाला माहीतच नसतो, तो नुसता सांगितला तरी त्याला नवीन असतं.

आता मुख्य दुखणं, भाषा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हालाही घालवावा लागणार. नोकरीने आपल्याला दोन गोष्टी दिलेल्या असतात, बघायची सवय आणि लिहायची सवय. बघायची सवय सोन्यासारखी आहे. लिहायची सवय मात्र मुळापासून उपटायची.

उदाहरण दाखवतो. वादळानंतर केळीचा पंचनामा आम्ही असा लिहायचो:

"आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच मौजे मजकूर येथील गटातील केळी पिकाची समक्ष पाहणी केली असता, वादळी वाऱ्यामुळे सदर क्षेत्रातील अंदाजे ७० टक्के झाडे उन्मळून पडल्याचे दिसून आले. सबब पंचनामा लिहून दिला असे."

यात चूक काही नाही, कागद म्हणून एकदम बरोबर आहे. पण त्या दिवशी मी तिथं काय बघितलं होतं? सगळी केळी एकाच दिशेला आडवी, जणू कोणी हाताने निजवलीत. घड कच्चे, अजून तीन आठवड्यांनी कटाईला आले असते. बसायला जागा नाही म्हणून पंच पडलेल्या खोडावरच बसले आणि एकाच्या पांढऱ्या पायजम्याला चीक लागला, केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही हे माहीत असूनही तो उठला नाही. आणि शेतकरी आमच्याशी एक शब्द बोलत नव्हता, तो खाली वाकून टेकूचे बांबू गोळा करत होता, एकेक पुसून बांधाला लावून ठेवत होता. पुढच्या बागेला लागतील म्हणून.

हे सगळं मला दिसलेलं होतं, पंचनाम्यात रकानाच नव्हता त्याला. तुमच्याकडेही रकाना नसलेलं असंच पडलेलं असणार, तेच लिहायचंय.

करायचं कसं तर, आपल्या ऑफिसातल्या शब्दांची एक यादी करून भिंतीवर लावा. माझी अशी होती: सदर, सबब, उपरोक्त, तद्नंतर, निदर्शनास आले, करणेत येत आहे, नमूद, समक्ष, मजकूर. मास्तरांच्या यादीत "विद्यार्थ्यांमध्ये जागृती निर्माण झाली" असलं काहीतरी येईल, बँकवाल्यांचं वेगळं. रोजचं लिहून झालं की यादी घेऊन बसायचं आणि लाल पेनने काढायचं. दुसरं म्हणजे "दिसून आले", "सांगण्यात आले", "ठरविण्यात आले" अशी वाक्यं, यात कोणी केलं तेच गायब असतं, ऑफिसात ते आपल्या बचावासाठी असतं, गोष्टीत त्याने माणूसच मरतो. कोणी सांगितलं? गंगूबाईने सांगितलं. मग लिहा, गंगूबाई म्हणाली.

आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा. घरातले हसतील, हसू द्या. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य ऑफिसात गेलेलं असतं. मला हे सुटायला सव्वा वर्ष लागलं आणि अजून अधूनमधून एखादं "तद्नंतर" निघतंच.

बोलीचं काय

अमळनेर, पारोळा, धुळे, साक्रीकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आणि तावडी, आपल्याकडे दर वीस कोसाला कान बदलावा लागतो. प्रश्न असा पडतो की लिहायचं कशात? माझा अनुभव सांगतो, निवेदन आपण घरात शिकल्या-सवरल्यांशी बोलतो त्या साध्या मराठीत, आणि माणसं बोलायला लागली की त्यांच्या बोलीत. पारोळ्याकडच्या म्हाताऱ्याने "बरं शे ना भाऊ?" असंच विचारलं पाहिजे, "आपण कसे आहात" म्हणाला की तो म्हातारा राहिलाच नाही. पण पानभर संवाद अहिराणीत असेल तर कोल्हापूरचा वाचक थांबतो, तेव्हा अर्थ पुढच्या वाक्यात आपोआप कळेल असं बघा, कंसात अर्थ देऊ नका, ते शाळेच्या पुस्तकासारखं दिसतं. सगळं पुस्तकच अहिराणीत लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त मग अर्धवट नको. आणि जी बोली आपल्या घरची नाही ती त्या घरच्या माणसाकडून तपासून घ्या. माझी अहिराणी नोकरीत शिकलेली, अमळनेरच्या एका ताईंनी माझ्या एका कथेतली निम्मी वाक्यं दुरुस्त केली आणि वर म्हणाल्या, आप्पा, ही अहिराणी तहसीलची आहे.

बोलीत लिहिलेलं चालतं का ही शंका निदान आपण खान्देशींनी काढू नये. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, शेतात, जात्यावर म्हटलेलं सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं, त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात आणि पुस्तक निघालं १९५२ ला. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

कोणाबद्दल काय लिहायचं नाही

नोकरीत आपल्याला लोकांच्या घरातलं फार कळलेलं असतं. कोणाच्या वारस नोंदीत कोणतं नाव वगळलं, कोणाची दुसरी बायको, कोणी कर्जापायी काय केलं. ती माणसं आपल्याकडे दाखला मागायला आलेली असतात, गोष्टीत यायला नाही. नाव बदललं म्हणजे झालं असं नसतं, गावात सगळ्यांना कळतं. मी गाव बदलतो, पीक बदलतो, भावाची बहीण करतो, घटना दहा वर्षं मागे नेतो, आणि दोन माणसांची एक करतो. तरीही ओळखू येईल असं वाटलं तर ती गोष्ट वहीतच ठेवतो, माझ्या अकरांपैकी एक अशीच गेली.

जुन्या साहेबांवर राग काढायचा असेल तर तोही वहीत काढा. अब्रुनुकसानीचा दावा रिटायर माणसावरही होतो, आणि गोपनीय सरकारी माहितीला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा रिटायर झाल्यावरही लागू राहतो. शिवाय रागाचं लिखाण वाचायला कंटाळवाणं असतं, हे मला माझ्याच साठ पानांवरून समजलं.

टायपिंग

हाताने लिहायला हरकत नाही पण पुढे टाईप करावंच लागतं, तेव्हा युनिकोडमध्ये करा. डीटीपीवाले अजून श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टवर बसलेले असतात, त्यातलं युनिकोडमध्ये आणताना किंवा उलट नेताना रफार आणि जोडाक्षरं उडतात, माझ्या प्रुफात "सर्कल"चं सगळीकडे "सकल" झालं होतं. मोबाईलवर गूगलच्या कीबोर्डात मराठीत बोलून टाईप होतं, पहिल्या खर्ड्याला ते फार सोयीचं, फक्त विरामचिन्हं आणि गावांची नावं नंतर हाताने बघावी लागतात. रोजचं लिहिलेलं स्वतःलाच ईमेल करून ठेवा. नातवाने एकदा माझा फोन पाण्याच्या टाकीत टाकला, तेव्हापासून मी करतो.

वाचन आणि वाचणारा

रिटायर होईपर्यंत आपण शेवटचं पुस्तक कधी वाचलं होतं हे प्रामाणिकपणे आठवून बघा. मला आठवेना. जळगावात व. वा. वाचनालय आहे, बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादं तरी सार्वजनिक वाचनालय आहेच, सभासद व्हा आणि आठवड्याला एक पुस्तक आणा. जुन्या काळावर लिहिणार असाल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ बघा, जुने कागद कसे वाचायचे याचा आमच्या खात्यातल्या माणसाला तसाही थोडा सराव असतो.

लिहिलेलं वाचायला मात्र मित्रांना देऊ नका. मित्र "छान आहे, छापून टाका" म्हणतात, कारण त्यांना चहा प्यायचा असतो. मला एक रिटायर हेडमास्तर मिळाले, त्यांनी पहिली कथा परत केली आणि म्हणाले, तिसऱ्या पानापासून सुरू करा, आधीची दोन पानं तुम्ही घसा साफ करताय. फार लागलं. पण बरोबर होतं, आणि आता मी प्रत्येक कथेची पहिली दोन पानं संशयाने बघतो.

पुस्तकाआधी सुटं छापून आणा. स्थानिक पेपरांच्या पुरवण्या आहेत, आणि दिवाळी अंक आहेत, १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ती चाल अजून टिकलीय. दिवाळी अंकासाठी दिवाळीत पाठवून उपयोग नसतो, जून-जुलैतच पाठवा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, सोबत चार ओळींचं पत्र, त्यात तुमची पदं आणि पुरस्कार नकोत. उत्तर न येणं हेच बहुतेक वेळा उत्तर असतं. माझ्या सात कथांपैकी दोन छापून आल्या.

पुस्तक छापताना

इथं मी मार खाल्लाय म्हणून सविस्तर सांगतो. आधी हिशोब समजून घ्या: डेमी आकारात एका पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा, म्हणजे चाळीस हजार शब्दांचं पुस्तक एकशे साठ पानं, दहा फॉर्म. हे कळलं की समोरचा काय बोलतोय ते कळतं आणि "दहा फॉर्मचं काम आहे" असं आपण म्हटलं की त्याचा आवाजही जरा बदलतो.

प्रकाशक दोन तऱ्हेचे. एक स्वतःचे पैसे घालून छापतो आणि तुम्हाला रॉयल्टी देतो, तो नव्या माणसाला उशिरा हो म्हणतो किंवा म्हणतच नाही. दुसरा तुमच्याकडून पैसे घेऊन छापतो. हे पाप नाही, पण मग ते छपाईचं काम आहे आणि छपाईसारखंच वागा, फॉर्मचा दर, कव्हर, कागद, बांधणी, प्रुफं किती वेळा, प्रती किती, सगळं कागदावर. माझ्या पहिल्या प्रकाशकाशी माझं सगळं तोंडी होतं. तेहतीस वर्षं लोकांना "लेखी द्या" म्हणणारा माणूस मी, आणि स्वतःच्या पुस्तकाला लेखी घेतलं नाही! पाचशे प्रतींचे पैसे दिले, घरी तीनशे आल्या, बाकीच्या "वितरणात आहेत" म्हणाले, आजही वितरणातच आहेत.

कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त माहीत पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक, नोंदणी केली नाही तरी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, कलम १९. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल तर, ते परत तुमच्याकडे येतात. तेव्हा "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा, एका आवृत्तीपुरते किंवा पाच वर्षांपुरते द्या, आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर हे वेगळं लिहून घ्या. तुमच्यानंतरही ६० वर्षं हे हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे सातबाऱ्यासारखंच आहे, मुलांना कागद कुठं ठेवलेत ते सांगून ठेवा.

आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः लेखकालाही अर्ज करता येतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे, जाहिरात निघाली की अटी नीट वाचून, आपण त्यात बसतो का ते बघून मगच अर्ज करा.

पहिल्यांदा तीनशेच्या वर प्रती काढू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं होतं, तिथं पुस्तकांच्या स्टॉलवर मी तीन दिवस फिरलो, आणि एवढ्या पुस्तकांत आपलं कोण उचलणार हे बघून पाचशेची हौस पार उतरली. प्रकाशन समारंभ करायचाच असेल तर छोटा, हॉल आणि जेवणाच्या खर्चात दुसरं पुस्तक छापून होतं. फुकट वाटायच्या प्रती आधीच मोजून वेगळ्या काढा, मी पंचवीस काढल्या होत्या, त्यातल्या दहा वाचनालयांना. नातेवाइकांना विकतच द्या, फुकट दिलेलं शोकेसमध्ये जातं.

तारखेचं एक. आम्हाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन यादीवर नावासमोर सही करावी लागते, हयातीचा दाखला. मी दुसऱ्या पुस्तकाच्या खर्ड्याला तीच तारीख धरलीय, येत्या नोव्हेंबरात सहीला जाईन तेव्हा सहा कथा पूर्ण पाहिजेत. सध्या चार आहेत, आणि पाचवीत तो टेकू पुसणारा शेतकरी परत आलाय.